आकडा शेवटी सांगा



रसायनशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते. तिच्यात 'मोल' या विषयावर बोलेन असे मी कळवले, तेव्हा संयोजकांनी अदबीने विचारले, "जरा हलका विषय नाही का सुचत?" त्यांचे काही चुकले नाही. शाळेत ज्यांचे रसायनशास्त्राशी बिनसले, त्यांतल्या पुष्कळांचे याच धड्यापाशी बिनसले. तोवर रंग बदलतात, वास सुटतात, परीक्षानळीच्या तोंडाशी हायड्रोजन फट्कन पेटतो. मोल आला की फळ्यावर नुसते भागाकार. म्हणून आज भागाकाराआधी एक पुडी दाखवतो.

ही ओआरएसची पुडी. जुलाब लागले की औषधाच्या दुकानातून आपण आणतो ती. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुचवलेल्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी हिच्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. हे चार आकडे कितीही वेळ न्याहाळा, त्यांच्यात मेळ दिसत नाही. मीठ अडीच ग्रॅम का नाही? ग्लुकोज सरळ पंधरा का नाही? एखाद्या आजीने अंदाजाने चिमूट-पसा टाकावा तसे हे प्रमाण वाटते.

आता ग्रॅम बाजूला ठेवू आणि कण किती, एवढेच विचारू. ग्लुकोजच्या एका मोलचे वस्तुमान १८० ग्रॅम. १३.५ भागिले १८०, म्हणजे ०.०७५ मोल, ७५ मिलिमोल. मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा, म्हणून २.६ ग्रॅम मिठातून साधारण ४५ मिलिमोल सोडियम येते. सायट्रेटचा मोल, त्याच्या स्फटिकातले पाणी धरून, २९४ ग्रॅमचा, २.९ ग्रॅम म्हणजे सुमारे १० मिलिमोल, आणि त्याच्या प्रत्येक घटकात सोडियम तीन, म्हणून ३० मिलिमोल. पंचेचाळीस आणि तीस. सोडियम ७५, ग्लुकोज ७५. ग्रॅममध्ये विस्कटलेली पुडी मोलमध्ये एकदम सरळ झाली.

ही बरोबरी मुद्दाम साधलेली आहे. लहान आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन असते, ते ग्लुकोजला एकट्याने आत घेत नाही. सोबत सोडियम लागते. दोघे आत गेले की पाणी त्यांच्या मागोमाग जाते. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. पुढे १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि नातेवाइकांनाच ते पाणी रोग्यांना पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्यातले ते प्रथिन वजन करत नाही. त्याच्यापुढे ग्लुकोजचे रेणू आणि सोडियमचे आयन येतात, ते किती येतात एवढ्यावर काम चालते. कुठलीही रासायनिक क्रिया घ्या, तिथे हेच. पंचाईत आपली आहे: आपल्या हातात तराजू आहे, आणि तराजूला फक्त वजन कळते.

मोलचा जन्म या पंचाइतीतून झाला. हार्डवेअरच्या दुकानात नट आणि बोल्ट किलोवर मिळतात. एक किलो बोल्ट घेतले म्हणून एक किलो नट घेतले, तर घरी येऊन निम्मेअधिक नट उरतील. पण एका बोल्टचे वजन एका नटाच्या चौपट आहे एवढे ठाऊक असले, की एकही नग न मोजता जोड्या बरोबर येतात: चार किलो बोल्ट, एक किलो नट. या हिशोबात एक गोष्ट लागलीच नाही, ती लक्षात घ्या. बोल्ट एकूण किती आहेत, हा आकडा.

आज मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. शाळेत आपण तो आकडा फार लवकर सांगतो.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा आहे. तो संपेपर्यंत वर्गातले कुठलेही मूल झोपेतून उठवले तरी ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात असे घडाघडा म्हणते. मग फळ्यावर त्रिकोण येतो: वर वस्तुमान, खाली मोल आणि मोलर वस्तुमान, हवे त्यावर बोट ठेवा, उरले ते उत्तर. गुण मिळतात. दोन वर्षांनी अकरावीत हाच विषय इंग्रजीतून पहिल्याच प्रकरणात पुन्हा भेटतो, आणि त्रिकोण पाठ असलेल्या मुलाला विचारले, "दहा ग्रॅम लोखंडात अणू जास्त की दहा ग्रॅम सोन्यात?" तर ते म्हणते, "सारखेच, दोन्ही दहा ग्रॅम." लोखंडाचा अणू ५६, सोन्याचा १९७, लोखंडात अणू साडेतीन पट आहेत. त्या मुलाला मोल हे वजनाचेच एक अवघड नाव वाटत आले आहे, आणि तसे वाटायला आपणच कारण आहोत.

डझनाचे उदाहरणही आपण हमखास देतो. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे इतके-इतके. यात खोटे काही नाही. पण डझनभर केळी आपण बोटाने मोजतो, आणि मोल कोणी कधी मोजलेला नाही, मोजणारही नाही. सेकंदाला एक कोटी कण या वेगाने मोजत बसले तरी एका मोलला जवळपास दोनशे कोटी वर्षे लागतील. त्यामुळे डझनाच्या उदाहरणाने मुलाच्या मनात नेमके नको तेच पक्के होते: आधी आकडा, मग वस्तू.

इतिहास उलटा घडला. जॉन डाल्टनने १८०८ मध्ये अणूंची कल्पना ग्रंथरूपाने मांडली. पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजनला आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो, हे तराजू सांगतो. पण हायड्रोजनचे अणू किती आणि ऑक्सिजनचे किती, हे तराजू सांगत नाही. डाल्टनने सोपे ते धरले: एकास एक. म्हणजे ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड. एकास दोन धरले असते तर तो सोळापट झाला असता. वजन तेच, पण संख्येचा अंदाज चुकला की अणूचे वजनच निम्मे होते. त्याच वर्षी गे-ल्युसॅकने दाखवले की दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन मिळून दोन घनफळे वाफ होते. वायू इतक्या साध्या पूर्णांकांत जुळतात, म्हणजे त्यांच्या घनफळाचा कणांच्या संख्येशी काही संबंध असणार.

तो संबंध १८११ मध्ये इटलीतल्या आमेदेओ ॲव्होगॅड्रोने सांगितला. हा गृहस्थ मूळचा कायद्याचा पदवीधर. समान तापमानाला आणि दाबाला सर्व वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते, असे त्याचे म्हणणे. समान, एवढेच तो म्हणाला. किती, ते म्हणाला नाही. त्याला ते ठाऊक नव्हते आणि त्याला त्याची गरजही नव्हती. ज्या संख्येला आज त्याचे नाव आहे, ती त्याने आयुष्यात कधी लिहिली नाही. परीक्षेत 'ॲव्होगॅड्रोने शोधलेली संख्या' असे लिहिणाऱ्या मुलाला मी गुण देईन, पण मनातून दुःखी होईन.

पन्नास वर्षे कोणी फारसे ऐकले नाही. दोन सारखे अणू एकमेकांना चिकटून रेणू होतो, हे त्या काळच्या विद्युत्-सिद्धांतात बसत नव्हते. परिणाम असा, की प्रत्येक प्रयोगशाळेची अणुवस्तुमाने वेगळी आणि सूत्रे वेगळी. केकुले या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लाची, प्रचलित असलेली १९ निरनिराळी सूत्रे छापली. आज सूत्रे पाठ करताना कुरकुरणाऱ्या मुलांनी हे जरूर ऐकावे. तुमच्या वाट्याला एकच आले आहे. हा गोंधळ मिटवायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस वाद झाले, ठराव काही झाला नाही. पण निघताना स्तानिस्लाओ कान्निझारोची एक छोटी पुस्तिका प्रतिनिधींच्या हाती पडली. १८५८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या अभ्यासक्रमाचा तो गोषवारा होता. ॲव्होगॅड्रोचे वाक्य गृहीत धरा, एखाद्या मूलद्रव्याच्या अनेक वायुरूप संयुगांची घनता मोजा, प्रत्येकाच्या रेणूत त्या मूलद्रव्याचे वजन किती ते काढा. सर्वांत लहान वजन ते अणूचे. बाकीची त्याच्या पटीत येतात. मेंडेलिव्ह आणि लोथार मायर हे दोघेही त्या परिषदेला होते. नऊ वर्षांनी मेंडेलिव्हची आवर्तसारणी आली ती या वजनांच्या पायावर.

हे मी इतके सविस्तर सांगतो, कारण ही पुस्तिका एका शिक्षकाने वर्गासाठी तयार केली होती. आणि तिच्यात आपल्या नववी ते बारावीच्या मोलच्या जवळजवळ सगळ्या गणितांचा पाया आहे. तो आकडा मात्र कुठेही नाही.

आकडा नंतर आला, तोही हप्त्या-हप्त्याने. १८६५ मध्ये व्हिएन्नात योहान लोश्मिटने हवेच्या रेणूचा आकार काढला: मिलिमीटरचा साधारण दहा लाखावा भाग. त्यावरून एका घनफळात रेणू किती, याचा पहिला धड अंदाज बांधता आला. 'मोल' हे एकक रसायनशास्त्रात रुळवले ते १८९० च्या दशकात विल्हेल्म ऑस्टवाल्डने, आणि गंमत अशी की त्याचा अणूंच्या अस्तित्वावरच विश्वास नव्हता. त्याच्या लेखी मोल म्हणजे ग्रॅममध्ये घेतलेले रेणुवस्तुमान, बस्स. तरी त्याची गणिते अचूक येत होती. नट-बोल्टांच्या हिशोबाचा याहून भक्कम पुरावा मी देऊ शकत नाही.

ऑस्टवाल्डचे मत पालटायला ज्यांचे प्रयोग कारणी लागले, त्यांत झाँ पेरँ हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता. त्याने गँबोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे अगदी एकसारखे सूक्ष्म गोळे पाण्यात सोडले. हा डिंक गार्सिनिया गणातल्या झाडाचा. आपले कोकणातले कोकम त्याच गणातले, म्हणजे सोलकढीचे दूरचे नाते थेट अणूंच्या सिद्धतेशी जाते. सूक्ष्मदर्शकातून वेगवेगळ्या उंचीवर किती गोळे तरंगतात ते पेरँने मोजले. डोंगर चढताना हवा विरळ होते तसे ते वर विरळ होत जात. किती उंचीला किती विरळ, यावरून त्याने मोलमधल्या कणांची संख्या काढली. आइन्स्टाइनचे १९०५ मधले सूत्र वापरून, गोळ्यांच्या थरथरीवरूनही काढली. वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकच उत्तर आले. १९०९ मध्ये त्याने या संख्येला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले. त्याच वर्षी ऑस्टवाल्डला नोबेल मिळाले. अणू असतात हे त्याने तोवर मान्य करून टाकले होते.

पुढचे पटकन सांगतो. १९७१ मध्ये मोलला आंतरराष्ट्रीय पद्धतीत सातवे मूलभूत एकक म्हणून जागा मिळाली. व्याख्या होती, १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण. मग शुद्ध सिलिकॉन-२८ चा एक किलोचा, सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा, आरशासारखा गुळगुळीत गोल तयार करून, क्ष-किरणांनी त्यातल्या अणूंमधले अंतर मोजून, संख्या इतकी पक्की झाली की दहा कोटींत एक-दोन एवढीच शंका उरली. २० मे २०१९ पासून व्याख्या उलटवली गेली: मोल म्हणजे बरोबर ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात एवढे कण. कार्बन सुटला.

इथे कोणी मला अडवेल, आणि बरोबर अडवेल. आता व्याख्याच आकड्याने सुरू होते, मग पुस्तकाने आकडा आधी का सांगू नये? मीटरची व्याख्या आज प्रकाशाच्या वेगाने होते. म्हणून पहिलीतल्या मुलाला फूटपट्टीऐवजी प्रकाशाचा वेग देत नाहीत. व्याख्या ज्या क्रमाने लिहितात तो क्रम कायदा करणाऱ्यांच्या सोयीचा असतो. वर्गाचा क्रम वेगळा.

मग वर्गात काय करावे? माझी सूचना जुनीच आहे: त्रैराशिकापासून सुरुवात. लीलावतीपासून चालत आलेले हे हत्यार आपण अलीकडे उगाच मोडीत काढले. १०० किलो चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना मिळतो, तर २५० किलोपासून किती? १४० किलो. याला मोल लागत नाही, आणि लागत नाही हे मुलांना मोकळेपणाने सांगावे. साखर कारखान्यात रस निवळायला जो चुना टाकतात, त्याचा हिशोब कित्येक जण असाच करतात. आता प्रश्न वळवावा. उरलेले ४४ किलो कुठे गेले? कर्बवायू होऊन. तेवढा वायू किती जागा व्यापेल? इथे त्रैराशिकाला धाप लागते आणि 'किती कण' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. जाता जाता: मोलला २२.४ लिटर हा आकडा शून्य अंशाचा आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. पुण्यात, २७ अंशांना, एक मोल वायू २६ लिटरच्या आसपास जागा घेतो. २२.४ पाठ केलेली काही मुले तो पाण्यालाही लावतात. एक मोल पाणी म्हणजे १८ मिलिलिटर, चार चमचेसुद्धा नाही.

मग सोने. मराठी घरात सोन्याचे गणित कोणाला नकोसे होत नाही. बावीस कॅरेटच्या बांगडीत वजनाने ९१.६ टक्के सोने. उरलेले सगळे तांबेच आहे असे धरू. तर शंभर अणूंपैकी सोन्याचे किती? ९१.६ भागिले १९७, ८.४ भागिले ६३.५, आणि दोन्हींचे गुणोत्तर. उत्तर येते ७८. बांगडीतला जवळजवळ प्रत्येक पाचवा अणू तांब्याचा! सराफाने फसवलेले नाही. तांब्याचा अणू हलका, म्हणून थोड्या वजनात पुष्कळ येतात. वस्तुमान आणि कणांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यानंतर समजावून सांगावे लागत नाही. आणि पाहा, या गणितातही तो २३ वा घात आला नाही.

रक्ताचा रिपोर्ट तर घरोघरी असतो. आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये देतात; ज्यांची मुले लंडनला किंवा मेलबर्नला आहेत, त्यांना फोनवर "माझी शुगर साडेपाच" असे ऐकून दचकायला होते. तिकडे मिलिमोलमध्ये देतात. आपल्या आकड्याला १८ ने भागा: ९० चे ५ होतात. १८ का? ग्लुकोजचे १८०, आणि आपण डेसिलिटर धरतो, ते लिटर, म्हणून एक शून्य गेले. कोलेस्टेरॉलला मात्र ३८.७ ने भागावे लागते, कारण त्याचा रेणू जड. आणि त्याच आपल्या रिपोर्टात खाली सोडियम बघा: १४०, बहुधा मिलिमोलमध्येच. एका कागदावर साखर वजनाने आणि सोडियम संख्येने. नववीच्या मुलाला आजोबांचा रिपोर्ट वाचून दाखवायला सांगा. त्या धड्याला याहून चांगला गृहपाठ नाही.

एवढे झाल्यावर, धड्याच्या अगदी शेवटी, आकडा सांगा. तोवर मुलांनीच विचारलेले असते, "पण सर, खरे किती असतात?" पेरँची, त्या पिवळ्या गोळ्यांची गोष्ट तेव्हा सांगा. परीक्षेचे काय, असे शिक्षक विचारतील. परीक्षेत आकडा येतोच, आणि तो पाठ करायला एक रात्र पुरते. त्यासाठी आठवडा घालवायची गरज नाही.

आता एक प्रयोग. साध्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के आम्ल असते. तीन बाटल्यांत प्रत्येकी ५० मिलिलिटर व्हिनेगर घेतले आहे. तीन फुग्यांत खाण्याचा सोडा भरला आहे: पावणेदोन ग्रॅम, साडेतीन ग्रॅम, सव्वापाच ग्रॅम. फुगे बाटल्यांच्या तोंडावर चढवून उलटे करायचे. त्रैराशिक म्हणेल, एक, दोन, तीन या पटीत फुगतील. तुमचा अंदाज कागदावर लिहून ठेवा आणि मग पुढे या. नववीतल्या दोघांनी मदतीला यावे, म्हणजे प्रश्नोत्तरांना सुरुवात करता येईल.